‘वटला का?’ : पेमेंट व्यवस्थेच्या अभ्यासाची प्रस्तावना

बँकेच्या काउंटरवर मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या एक प्रश्न विचारत आला आहे : “चेक वटला का?” १९८८ साली मुंबईत, फोर्टमधल्या एका बँकेच्या क्लिअरिंग विभागात मी कारकून म्हणून रुजू झालो, तेव्हा नोकरीच्या पहिल्या दिवशी मला हाच प्रश्न विचारला गेला. समोर उभ्या असलेल्या बाईंना पगाराची रक्कम कधी मिळणार एवढेच हवे होते. मला उत्तर देता आले नाही, कारण त्यांचा चेक त्या क्षणी नेमका कुठे आहे हे मला ठाऊक नव्हते. पुढे मी बँकेच्या संगणक विभागात गेलो. २००१ पासून बँकांना पेमेंट व्यवस्था उभारून देणारा सल्लागार म्हणून काम करू लागलो. कागदाच्या जागी तार आली, तारेच्या जागी मोबाइल आला, पण त्या बाईंनी विचारलेला प्रश्न मात्र तोच राहिला. माझे सारे व्यावसायिक आयुष्य त्याचे नीट उत्तर देता यावे यासाठी खर्च झाले, असे म्हणायला हरकत नाही.

हे पुस्तक या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्यांसाठी आहे : बँकेच्या परीक्षा देऊन नुकतेच रुजू झालेले अधिकारी, सहकारी बँका आणि पतसंस्थांत संगणकाचे काम पाहणारे, आणि सॉफ्टवेअर कंपनीत पेमेंटच्या प्रकल्पावर नेमले गेलेले पण जमाखर्चाशी कधी संबंध न आलेले अभियंते. वाणिज्य शाखेचे विद्यार्थी आणि अर्थव्यवहाराचे कुतूहल असलेला सर्वसामान्य वाचक यांनाही ते परके वाटू नये, असा प्रयत्न केला आहे. आधी काही शिकलेले असावे अशी अट नाही. घरचा हिशोब ज्याने एकदा तरी लिहिला आहे, त्याची पूर्वतयारी पुरेशी आहे.

‘पेमेंट’ हा शब्द मी जाणूनबुजून ठेवला आहे. ‘प्रदान’ आणि ‘अदायगी’ हे प्रतिशब्द परिपत्रकांतून भेटतात, पण शाखेत, दुकानात आणि घरात ते कोणी बोलत नाही. जिथे बाजाराने स्वतःचा मराठी शब्द घडवला आहे तिथे मात्र मी तोच वापरला आहे. असे शब्द बरेच आहेत आणि त्यांपैकी काही तर आजचे तंत्र समजावून सांगायला इंग्रजी शब्दांपेक्षा जास्त कामाचे आहेत.

पेढीवरची विद्या

‘वटणे’ हे क्रियापद आपण चेकच्या आधीपासून, हुंडीसाठी वापरत आलो आहोत. एका गावच्या सावकाराने दुसऱ्या गावच्या आपल्या आडत्याच्या नावे लिहिलेली चिठ्ठी म्हणजे हुंडी. पेशवाईत पुण्यापासून शेकडो कोस दूर असलेल्या फौजांच्या खर्चाला पैसा लागे, तेव्हा नाण्यांच्या थैल्या लादलेले उंट पाठवण्यापेक्षा हुंडी पाठवणे सोयीचे आणि सुरक्षित असे. दाखवताक्षणी पैसे द्यायचे ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या मुदतीनंतर द्यायचे ती मुदती. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात ज्याची पत आहे अशा ‘शाह’ व्यापाऱ्यालाच मिळत. ग्राहकाची ओळख पटवण्याचे जे नियम आज बँका पाळतात, त्यामागचा विचार हाच होता. फरक इतकाच, की तेव्हा ओळखीची हमी कागदपत्रांऐवजी बाजार देत असे.

अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे असा भाग याच्या पुढे आहे. हुंडी वाटेत हरवली तर काय करायचे? त्यासाठी मूळ लिहिणारा दुसरी प्रत देई, तिला ‘पेठ’ म्हणत. तीही गहाळ झाली तर ‘परपेठ’. पेठेत स्पष्ट लिहिलेले असे की मूळ हुंडीचे पैसे दिले नसतील तरच या कागदावर द्यावेत. आणि पैसे देऊन झाल्यावर रद्द केलेल्या हुंडीला ‘खोखा’ म्हणत. तो कागद जपून ठेवला जाई, कारण देणे फिटल्याचा तोच पुरावा. म्हणजे एकच निरोप दोनदा पोचला तरी पैसे एकदाच दिले जावेत, ही आजच्या प्रत्येक पेमेंट प्रणालीची पहिली अट आपल्या पेढ्यांनी तारायंत्राच्याही आधी सोडवली होती. मी अभियंत्यांना शिकवतो तेव्हा सुरुवात पेठेपासून करतो. त्यानंतर व्यवहाराचा संदर्भ क्रमांक कशासाठी असतो, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

इंग्रजी राजवटीत १८८१ साली निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट आला. चेक, वचनचिठ्ठी आणि विनिमयपत्रे यांना त्याने कायद्याच्या चौकटीत बसवले, पण देशी भाषांतल्या हुंड्यांच्या स्थानिक रूढी पहिल्याच कलमात अबाधित ठेवल्या. सामान्य माणसासाठी मात्र पैसा पाठवण्याचे खरे साधन त्याच सुमारास, १८८० साली, टपाल खात्याने हाती घेतले. ती मनीऑर्डर. गिरणगावातल्या खोलीतून कोकणात आणि साताऱ्याकडे दरमहा जाणारी मनीऑर्डर हे कित्येक गावांचे मुख्य उत्पन्न होते. पोस्टमन रक्कम दारात मोजून देई आणि पोचपावतीवर अंगठा किंवा सही घेई. ती पावती परत मुंबईला पोचली की पाठवणाऱ्याच्या जिवाला स्वस्थता मिळे. ‘पैसे मिळाले’ हा उलटा निरोप पैशाइतकाच महत्त्वाचा असतो, हे मनीऑर्डरने शिकवले.

निरोप, हिशोब, पूर्तता

या क्षेत्राची मांडणी तीन थरांत करता येते. पहिला थर निरोपाचा : कोणी कोणाला किती द्यावे. दुसरा हिशोबाचा : दिवसभरातल्या अशा असंख्य निरोपांची वजाबाकी करून कोणत्या बँकेने कोणत्या बँकेला किती देणे निघते. तिसरा पूर्ततेचा : ते देणे प्रत्यक्षात फिटले का. व्यवसायात या शेवटच्या दोन थरांना क्लिअरिंग आणि सेटलमेंट म्हणतात. नवागतांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे हे तिन्ही थर एकच समजणे. मोबाइलवर हिरवी खूण दिसली म्हणजे निरोप पोचला. बँकांमधला हिशोब आणि पूर्तता त्यानंतरही चालूच असते.

क्लिअरिंग विभागात हे तीन थर हाताने चाचपता येत. संध्याकाळी शाखाशाखांतून चेकचे गठ्ठे येत. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईसह मोठ्या शहरांत चुंबकीय शाईची पद्धत आली. चेकच्या तळाशी छापलेले ते काळेभोर आकडे यंत्र वाचू लागले. त्यातले नऊ अंक शहर, बँक आणि शाखा सांगतात. मुंबईचे ४०० ने सुरू होतात, पुण्याचे ४११ ने. यंत्राने चेक वेगळे केले, बेरजा जुळल्या, की प्रत्येक बँकेचे निव्वळ देणे-घेणे रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांवर नोंदले जाई. लाखो कागदांचे उत्तर शेवटी प्रत्येक बँकेमागे एका आकड्यात मावे. आणि तो आकडा काही रुपयांनी जरी चुकला, तरी फरक सापडेपर्यंत कोणी घरी जात नसे. आमचे वरिष्ठ म्हणायचे, “लाखाचा फरक लगेच सापडतो, दोन रुपयांचा सापडत नाही, कारण दोन रुपयांच्या मागे दोन चुका असू शकतात.” इतक्या वर्षांत या वाक्याला अपवाद मला आढळला नाही.

पूर्ततेचा थर वेगळा का शिकायचा, हे जगाला २६ जून १९७४ या दिवसाने पटवले. कोलोन शहरातली हर्स्टॅट बँक जर्मन अधिकाऱ्यांनी त्या दिवशी कामकाज संपताना बंद केली. त्या दिवशी तिच्याशी चलनाचे सौदे केलेल्या बँकांनी जर्मन मार्क आधीच चुकते केले होते. बदल्यात मिळायचे डॉलर न्यूयॉर्कमध्ये द्यायचे होते आणि तिथे अजून सकाळ होती. ते डॉलर आलेच नाहीत. सौदा खरा होता, निरोप बरोबर होता, हिशोबही चोख होता; फक्त दोन पूर्ततांच्या मध्ये काही तासांची फट होती. आजही या धोक्याला अभ्यासक हर्स्टॅट जोखीम म्हणतात. दोन्ही चलने एकाच वेळी हस्तांतरित होतील अशी सीएलएस ही जागतिक व्यवस्था २००२ साली सुरू झाली. एक फट बुजवायला २८ वर्षे लागली.

आपल्याकडे मोठ्या रकमांसाठी निरोप आणि पूर्तता यांच्यातली फट बुजवणारी आरटीजीएस पद्धत मार्च २००४ मध्ये सुरू झाली. तिच्यात वजाबाकी नसते. प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे आणि तिथल्या तिथे रिझर्व्ह बँकेच्या वहीत पुरा होतो आणि मागे घेता येत नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये आलेली एनईएफटी गठ्ठ्यांनी चालते. आज दर अर्ध्या तासाला एक याप्रमाणे दिवसाला ४८ गठ्ठे निघतात. दोघींचे अर्ज एकाच काउंटरवर मिळतात, पण रचना वेगळी आहे. ती का वेगळी आहे हे ज्याला सांगता येते, त्याला या विषयाचा पाया समजला असे मी मानतो.

मुंबईत घडलेला इतिहास

भारतीय पेमेंट व्यवस्थेच्या इतिहासातले बरेचसे टप्पे मुंबईतच घडले. बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने दिला. देशातले पहिले एटीएम १९८७ साली एचएसबीसी बँकेने मुंबईत बसवले. हैदराबादला १९९६ साली बँकिंग तंत्रज्ञानाची संशोधन संस्था, आयडीआरबीटी, उभी राहिली आणि बँकांची एटीएम एकमेकांना जोडणारा राष्ट्रीय स्विच तिथेच तयार झाला. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्टने या सगळ्याला कायद्याचा आधार दिला, आणि डिसेंबर २००८ मध्ये मुंबईत नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, म्हणजे एनपीसीआय, स्थापन झाली. नोव्हेंबर २०१० मध्ये पैसे तत्काळ पाठवणारे आयएमपीएस आले. त्या दिवसापासून सुट्टी आणि रात्र यांचा पैशाच्या प्रवासाशी असलेला संबंध तुटला.

११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत यूपीआयची घोषणा झाली, तेव्हा माझ्यासह अनेकांना ती आयएमपीएसवर चढवलेली एक सोय वाटली. तिचे महत्त्व ओळखायला मला वेळ लागला. त्यात नवे काय होते ते नीट पाहिले पाहिजे, कारण वेग नवा नव्हता. नवे होते ते वेगळेपण : खाते एका बँकेत, ॲप दुसऱ्याचे, आणि समोरच्याचे दोन्ही तिसऱ्या-चौथ्याचे असले तरी व्यवहार व्हावा, असा नियम. पिन ज्या चौकटीत टाकायचा ती चौकट सगळ्या ॲपांत एकाच सामाईक घटकाची असते. ॲप चालवणाऱ्या कंपनीला पिन दिसत नाही. तो कुलूपबंद होऊन थेट बँकेकडे जातो. दुकानावर एकच क्यूआर चिकटवायचा आणि ग्राहकाने कोणत्याही ॲपने तो वाचायचा, हे आज इतके अंगवळणी पडले आहे की त्यामागे एक धोरणात्मक निर्णय होता हे आपण विसरतो.

तुलनेसाठी केनियाकडे पाहावे. तिथे मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या दूरसंचार कंपनीने एम-पेसा सुरू केले. सूक्ष्मकर्जाचे हप्ते मोबाइलवरून फेडण्यासाठी आधी त्याची चाचणी घेतली होती. पण चाचणीतल्या माणसांनी ते साधन एकमेकांना पैसे पाठवायला वापरले, आणि कंपनीने शहाणपणाने त्यांचे ऐकले. बँका दूर होत्या, कोपऱ्यावरचा दुकानदार जवळ होता. तोच रोकड घेणारा आणि देणारा प्रतिनिधी झाला. केनियाने एका कंपनीच्या जाळ्यावर यश मिळवले, भारताने सगळ्यांच्या सामाईक रुळांवर. कोणता मार्ग श्रेष्ठ, असा वाद घालण्यापेक्षा प्रत्येक मार्ग त्या देशाच्या कोणत्या उणिवेतून निघाला हे शोधणे अधिक फलदायी आहे.

नोटाबंदीने ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री चलनातल्या सुमारे ८६ टक्के मूल्याच्या नोटा बाद झाल्या. बँकांची यूपीआय ॲपे तेव्हा जेमतेम अडीच महिन्यांची होती. त्या धक्क्याने अनेकांना डिजिटल पेमेंटच्या दारात आणले, पण ते टिकले ते नंतरच्या वर्षांत मिळालेल्या अनुभवामुळे. ऑक्टोबर २०१९ मध्ये यूपीआयने महिन्याला १०० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला, ऑगस्ट २०२३ मध्ये १,००० कोटींचा आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींचा.

उत्तर न येणे म्हणजे नकार नव्हे

एवढ्या व्यवहारांत हजारातला एक जरी अधांतरी राहिला, तरी महिन्याला दोन कोटी माणसे “वटला का?” विचारत बसतील. म्हणून या पुस्तकाचा सगळ्यात मोठा भाग मी अडलेल्या व्यवहाराला दिला आहे. सुरळीत चाललेला व्यवहार सगळ्या प्रणालींत सारखाच दिसतो. एक प्रणाली दुसरीपेक्षा चांगली कशी, हे व्यवहार अडल्यावरच समजते.

माझी एक चूक इथे सांगणे मला आवश्यक वाटते. आयएमपीएसच्या सुरुवातीच्या काळात एका सहकारी बँकेसाठी मी प्रणालीचा आराखडा लिहिला. त्यात एक ओळ होती : ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही तर व्यवहार फसला असे धरून रक्कम ग्राहकाच्या खात्यात परत जमा करावी. वाचायला ती ओळ निर्दोष वाटते. एका शनिवारी रात्री जोडणी मंदावली. पुढे गेलेले निरोप पोचले, समोरच्या बँकांत रकमा जमा झाल्या, पण ‘जमा झाले’ हा उलटा निरोप वेळेत आला नाही. आमच्या प्रणालीने त्या रकमा पाठवणाऱ्यांना परत केल्या. सोमवारी सकाळी काही डझन व्यवहारांत दोन्हीकडे पैसे होते आणि मध्ये बँकेच्या स्वतःच्या पैशाला खड्डा पडला होता. तो शोधला बँकेच्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने. संगणकाचा अहवाल बाजूला ठेवून त्यांनी कागदावर ताळा घातला. नंतर आठवडाभर ते आणि मी मिळून एकेका ग्राहकाला फोन करत होतो. बहुतेकांनी पैसे समजुतीने परत केले. त्या बँकेने मला दोष दिला नाही. पण ती ओळ माझी होती, आणि ती लिहिताना मला पेठेची आठवण व्हायला हवी होती.

उत्तर न येणे हा नकार नव्हे आणि होकारही नव्हे. ती तिसरीच स्थिती आहे. उत्तम प्रणाली ही तिसरी स्थिती मान्य करते. यूपीआयमध्ये घेणाऱ्या बँकेकडून जमेचे उत्तर वेळेत आले नाही तर व्यवहार ‘डीम्ड’ म्हणून बाजूला काढतात. पाठवणाऱ्याला लगेच परतावा देत नाहीत; घेणाऱ्या बँकेने आपली वही तपासून जमा करायचे किंवा रक्कम परत पाठवायची. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात अशा अडलेल्या व्यवहारांना मुदती घालून दिल्या. यूपीआयने व्यक्तीला पाठवलेली रक्कम समोर जमा झाली नाही, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती आपोआप परत आली पाहिजे. दुकानदाराच्या व्यवहारात किंवा एटीएममधून रोकड न येताच खाते कापले गेले असेल, तर पाच दिवस. त्यापुढे प्रत्येक दिवसाला ग्राहकाला १०० रुपये भरपाई, आणि ती त्याने न मागता. माझ्या मते गेल्या दोन दशकांतल्या सर्वांत महत्त्वाच्या नवकल्पनांत या परिपत्रकाची गणना व्हावी. ॲपच्या रंगरूपात त्याचा मागमूस नाही, पण अनोळखी माणसाला भाजीचे पैसे मोबाइलवरून देण्याचे धैर्य त्यातूनच येते.

हुंडणावळ कोणी द्यायची

हुंडी करून देण्याचा मोबदला म्हणजे हुंडणावळ. पैसा इकडून तिकडे नेण्याला खर्च येतो, हे त्या शब्दाने कधी लपवले नाही. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरच्या पेमेंटसाठी दुकानदाराकडून शुल्क घेणे बंद झाले. त्यामुळे टपरीवाला आणि फुलवालीही या व्यवस्थेत आली, हा मोठाच लाभ आहे. पण सर्व्हर चालवणे, फसवणूक रोखणे, तक्रारी निस्तरणे यांचा खर्च थांबलेला नाही. तो बँका, ॲप कंपन्या आणि सरकारी अनुदान यांच्यात वाटला जातो. छोट्या सहकारी बँकांना हा भार जास्त जाणवतो, आणि देशातल्या नागरी सहकारी बँका संख्येने सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. त्यामुळे हा वाद मराठी अभ्यासकाने दुरून पाहण्याचा नाही. दोन्ही बाजू या पुस्तकात मांडल्या आहेत. तुम्ही आपले मत आकडे पाहून बनवावे.

दुसरा खर्च फसवणुकीचा, आणि तो फार वेळा गरिबाच्या माथी मारला जातो. पैसे पाठवण्यासाठी पिन लागतो, घेण्यासाठी नाही, एवढे साधे तत्त्व. पण भामट्यांनी ‘पैसे येणार आहेत, पिन टाका’ असे सांगून मागणीचा निरोप पाठवला आणि असंख्य लोक फसले. बँकांच्या बैठकांत तेव्हा मी ‘ग्राहक निष्काळजी आहे’ हे वाक्य अनेकदा ऐकले. ते चुकीचे आहे. देणे आणि घेणे यांचा पडदा इतका सारखा दिसत असेल की शिकलेला माणूसही गोंधळतो, तर दोष रचनेचा आहे. व्यक्तीव्यक्तींमधली अशी मागणीची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. रचना बदलता येत होती. आपण आधी माणसांना बदलू पाहिले, त्यात वेळ गेला.

तिसरी गोष्ट अंगठ्याची. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिला आधार क्रमांक दिला गेला. पुढे आधारवर चालणाऱ्या पेमेंटमुळे गावच्या बँक प्रतिनिधीकडे छोट्या यंत्रावर बोट ठेवून रोकड काढता येऊ लागली. जिथे शाखा पोचली नाही तिथे ते यंत्र पोचले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि ऊसतोडीने, मातीकामाने घासून गेलेली बोटे यंत्र ओळखत नाही, म्हणून बाई चारचार वेळा बोट पुसून ठेवत असल्याचेही पाहिले आहे. तिच्यासाठी ‘व्यवहार अयशस्वी’ या दोन शब्दांचा अर्थ बाजारहाट रिकाम्या हाताने असा होतो. ज्याला या क्षेत्रात नवे काही घडवायचे आहे, त्याने तिच्या रांगेत एक दिवस उभे राहावे.

सल्लागाराचे काम

सल्लागार म्हणजे नवे तंत्र विकणारा, असा समज आहे. माझा अनुभव निराळा आहे. सल्लागाराचे अर्धे काम योग्य जागी ‘अजून नाही’ म्हणण्याचे असते. गो-लाइव्हची तारीख जाहीर झालेली असते, अध्यक्षांचे भाषण ठरलेले असते, आणि तुम्हाला दिसत असते की रात्रीचा ताळा अजून सलग सात दिवस जुळलेला नाही. त्या वेळी गप्प बसणारा सल्लागार फीचा धनी होतो, विश्वासाचा होत नाही.

नव्या प्रकल्पात मी पहिल्या आठवड्यात तीन कागद मागतो. पहिला, व्यवहार सुरळीत जाण्याची वाट. दुसरा, प्रत्येक टप्प्यावर तो अडला तर काय होईल आणि त्याला जबाबदार कोण. तिसरा, दिवसाअखेर कोणती वही कोणत्या वहीशी आणि कोण जुळवणार. पहिला कागद सगळ्यांकडे असतो. दुसरा बहुधा अर्धा असतो. तिसरा लिहायला घेतला की बैठक शांत होते, आणि खरे काम तिथून सुरू होते. त्या बैठकीत संचालकांइतकेच क्लिअरिंगच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला बोलू द्यावे. मला वाचवणारा ताळा अशाच एका टेबलावर घातला गेला होता.

या क्षेत्राला आज मराठी वाचकांची आणि मराठीत लिहिणाऱ्यांची गरज आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईसह चार शहरांत किरकोळ वापराच्या डिजिटल रुपयाची चाचणी सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये यूपीआय सिंगापूरच्या पेनाउ या पेमेंट व्यवस्थेशी जोडले गेले आणि दोन देशांतल्या दोन नियमपुस्तकांचा ताळा घालण्याचा नवा प्रश्न उभा राहिला. नियम इंग्रजीत निघतात. तक्रार मात्र ग्राहक मराठीत करतो. या दोहोंमध्ये उभे राहून एकाचे म्हणणे दुसऱ्याला समजावणारी माणसे हवी आहेत. ज्यांच्या भाषेत वटणे, हुंडणावळ, ताळा आणि खतावणी हे शब्द जिवंत आहेत, त्यांनी या अभ्यासात परकेपणा बाळगू नये. हा विषय त्यांच्या घरचाच आहे.

पुस्तकाचे पहिले पान उलटण्यापूर्वी एक स्वाध्याय करा. तुमच्या घरातला, शेजारचा किंवा तुमच्या शाखेतला एक अडलेला यूपीआय व्यवहार निवडा. त्याचा १२ अंकी संदर्भ क्रमांक एका कागदावर लिहा आणि खाली पाच ओळी आखा : पाठवणाऱ्याचे ॲप, त्याची बँक, मधला एनपीसीआयचा स्विच, घेणाऱ्याची बँक, घेणाऱ्याचे ॲप. व्यवहार अडला त्या क्षणी या पाच वह्यांत प्रत्येकी काय लिहिलेले असेल ते विचार करून भरा. जिथे माहीत नाही तिथे रिकामे सोडा. प्रकरणे वाचत जाल तशा रिकाम्या जागा भरत जातील. पाचही ओळी जुळतील त्या दिवशी, ज्याचे पैसे अडकले होते त्याला स्वतः फोन करा आणि कुठे अडले होते ते त्याला समजेल अशा शब्दांत सांगा. १९८८ साली त्या बाईंना मला हेच सांगता आले नव्हते.